वाटेवर चाक चालत नाही

लग्न होऊन निर्मळला आले त्या दिवशी माझ्या हातात चाकांची बॅग होती. नवीकोरी, लालभडक, बहिणीनं हौसेनं घेऊन दिलेली. गाडी तलावाच्या रस्त्यावर थांबली आणि तिथून पुढं घरापर्यंत वाडीतली पायवाट. मी आपली बॅग ओढायला लागले. चार पावलंही गेले नसेन, सासरे मागून आले, एक अक्षर न बोलता बॅग उचलली आणि खांद्यावर घेऊन चालू लागले. मला वाटलं, काय बाई प्रेमळ माणूस! नवऱ्याला तसं म्हटलंसुद्धा. तो म्हणाला, प्रेमबिम काही नाही, या वाटेवर चाक चालत नाही.

चालत नाही म्हणजे काय, रुततं का, असं मी विचारलं. तर म्हणे रुतत नाही, पण चालत नाही. एवढं बोलून तो पुढं निघून गेला. नव्या नवरीनं किती खोदून विचारायचं, म्हणून मीही गप्प बसले. पण गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, हे त्या घराला पुढं कळलंच.

मी मनवेलपाड्यातली, चाळीत वाढलेली. आमच्याकडे रस्ता म्हणजे जिथं चाक शिरतं ती जागा. बोळातून रिक्षा यायची, तिच्या मागून पाण्याचा टँकर यायचा, दोघं समोरासमोर आले की अख्खी चाळ बाहेर येऊन 'लेफ्ट मार, लेफ्ट मार' करायची. चाकाला कुणी अडवलंय हे मी बापजन्मात ऐकलं नव्हतं. इथं आले तर सगळंच उलटं. गॅसचा सिलेंडर माणूस खांद्यावरून आणायचा. फ्रिज आला तो दोन बांबूंना बांधून, नवरदेवाच्या थाटात. केळीचे घड बायका डोक्यावरून न्यायच्या. नवऱ्याची स्कूटर ऊन-पावसात रस्त्याच्या कडेला उंबराखाली उभी असायची, आणि सासऱ्यांची सायकल रोज संध्याकाळी त्यांच्याच खांद्यावर बसून घरी यायची. माझी लेक तीनचाकी चालवायला लागली तेव्हा अंगणात गरागरा फिरायची आणि कुंपणाशी आली की आपण होऊन खाली उतरायची, सायकल पोटाशी धरून वाट ओलांडायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. घरातल्यांचं बघून बघून ती शिकली.

भानगड अशी होती की ती वाट आमची नव्हतीच. आमचं घर मागं, आणि आमच्या नि रस्त्याच्या मधे काकींची वाडी. केळी, अबोली, थोडी भाजी, एक विहीर. काकी म्हणजे सासऱ्यांच्या जिवलग मित्राची बायको. काका माझ्या लग्नाआधीच गेलेले, आणि मुलं लग्नं करून फ्लॅटमध्ये राहायला गेलेली. वाडी एकटी काकी बघायची. आम्ही जन्मभर चाललो ते तिच्या जमिनीवरून, आणि तिनं कधी हूं की चूं केलं नाही. माणूस चालेल, गुरं चालतील, डोक्यावरचा भारा चालेल. फक्त चाक नाही.

का नाही, हे मला जुळवून घ्यायला पुष्कळ दिवस लागले. एकदा काकीबरोबर अबोलीच्या कळ्या खुडत बसले होते तेव्हा तिनंच सांगितलं. वाडीच्या पलीकडल्या अंगाला एक शेजारी होता. त्यानं एका हंगामापुरती हातगाडी नेऊ का म्हणून विचारलं. काका म्हणाले ने. हातगाडीच्या जागी बैलगाडी आली, बैलगाडीच्या जागी टेम्पो. पुढं जेव्हा मोजणी झाली तेव्हा तो पट्टा कागदावर रस्ता म्हणून उमटला, आणि काकांच्या वडिलांनी लावलेली माडांची ओळ त्या रस्त्यात गेली. बोट दिलं की मनगट धरतात म्हणतात, तसं. काका आठवडाभर जेवले नाहीत. तेव्हा माझे सासरे त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, माझ्या दारातून तुझ्या वाडीत कधी चाक येणार नाही, हा माझा शब्द. काकांनी तो मागितला नव्हता. यांनी आपणहून दिला. मागितलेला शब्द माणूस एक वेळ मोडेल, पण आपणहून दिलेला मोडायचा कसा?

मला या गोष्टीचं भारी कुतूहल, कारण माझं पोटच त्यावर चालतं. एव्हरशाईन सिटीच्या बाजूला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नकाशे काढते. दिवसभर लोकांची गेटं आणि लोकांचे रॅम्प. गेटाची दारं आत उघडली पाहिजेत, रस्त्यावर नाही. रॅम्प स्वतःच्या हद्दीत संपला पाहिजे. वळणाच्या तोंडाशी गेट ठेवायचं नाही. गटार बुजवून गाडी चढवायची नाही. लोक वैतागतात, म्हणतात, माझं घर, माझी गाडी, मी कुठूनही काढीन. मला मात्र हे नियम पहिल्यापासून आवडतात. एकेक नियम वाचला की वाटतं, इथं कुणीतरी कुणाच्या तरी दारात गाडी घातली असेल, कुणाच्या तरी घरात पाणी शिरलं असेल, त्याशिवाय कुणाला सुचलं असेल हे? भांडणाशिवाय नियम होत नाही. सासऱ्यांचा नियम मी असाच मनात नोंदून ठेवला होता, फक्त तो कुठल्या पुस्तकात नव्हता.

मग सासऱ्यांना झटका आला. डावं अंग गेलं.

दवाखान्यात न्यायला ॲम्ब्युलन्स तलावाच्या रस्त्यापर्यंत आली. घरातून तिथवर त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून नेलं. परत आणलं तेही तसंच. येताना ते शुद्धीवर होते आणि वाटभर डोळे घट्ट मिटून बसले होते. चाकांची खुर्ची घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, ती दुसऱ्या दिवशी आली. कशी आली? नवऱ्यानं डोक्यावरून आणली. मी दारात उभी राहून हसत होते आणि मला रडूही येत होतं.

खुर्चीत बसून सासरे अंगणात फिरायचे. ओट्यापासून कुंपणापर्यंत, कुंपणापासून ओट्यापर्यंत. कुंपणाशी आले की थांबायचे. पुढं वाट होती.

हा माणूस एक संध्याकाळ घरी बसलेला नव्हता. रोज ऊन उतरलं की रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसायचा. तिथं फुलांच्या आणि भाजीच्या गाठोड्यांचे टेम्पो भरतात. कुणाची केळी हातात घेऊन बघायची, नाक मुरडायचं, कुणाच्या अबोलीला नावं ठेवायची, चार शिव्या द्यायच्या, चार खायच्या आणि घरी येऊन पोटभर जेवायचं. तेच त्यांचं राज्य होतं. आजारी पडल्यावर मोरीवरची मंडळी आधी आधी भेटायला आली, मग येईनाशी झाली. त्यांचंही काही चुकलं नाही, टेम्पो काय कुणासाठी थांबतो? सासऱ्यांनी हळूहळू दाढी करणं सोडलं. पेपर मागणं सोडलं. ताटात अर्धी भाकरी तशीच राहायला लागली. डॉक्टर म्हणाले, औषधं आपली जागा करतील, पण यांना माणसांत न्या, नाहीतर हे असेच विझतील. म्हणजे आता प्रश्न सरळ होता, हा माणूस त्या कुंपणापलीकडे जाणार की इथंच केळीच्या पानांकडे बघत संपणार.

नवरा म्हणाला, रोज संध्याकाळी चौघं जमवतो, उचलून नेऊ. सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि सावकाश, शब्द जुळवत म्हणाले, "चौघांनी उचलायची वेळ एकदाच येते. ती आली की उचला."

नवऱ्यानं तो विषय तिथंच सोडला.

मी सोडला नाही. मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि वाहन कशाला म्हणायचं याची कायद्यातली व्याख्या त्यांना वाचून दाखवली. बघा बाबा, म्हटलं, चाकांची खुर्ची हे वाहन नाही. ती म्हणजे तुमचे पाय आहेत. तुम्ही गाडी नेत नाही आहात, चालताय. मला वाटलं, काय मुद्दा काढलाय! ऑफिसात असा मुद्दा काढला असता तर साहेबांनी पाठ थोपटली असती. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चांगल्या हाताचं बोट खुर्चीच्या खाली दाखवलं आणि विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, चाक. ते म्हणाले, मग झालं तर.

त्यातच रस्त्याचं काम निघालं. तलावाचा रस्ता सिमेंटचा होणार, उंच होणार, आणि कडेनं नवं गटार. मी जाऊन नकाशा बघितला. गटाराची भिंत रस्त्याबरोबर वर उचललेली. ज्या प्लॉटला गाडीचं गेट आहे तिथं गटारावर लादी आणि आत उतार. जिथं नुसती पायवाट आहे तिथं पायऱ्या. आमच्या वाटेच्या तोंडाशी नकाशात पायऱ्या काढलेल्या होत्या. उद्या सासरे चुकून कुंपण ओलांडायला तयार झाले असते तरी त्या पायऱ्यांशी येऊन थांबले असते.

मी रजा टाकली आणि रस्त्याच्या ऑफिसात गेले. तिथला इंजिनियर तरुण, वागायला चांगला. माझं सगळं ऐकून घेतलं, नकाशा पसरला. म्हणाला, मॅडम, तुम्ही याच धंद्यातल्या आहात, तुम्हाला काय सांगायचं. उतार द्यायचा तर तिथून वाहन जायला हवं, आणि जागेच्या मालकानं तसं म्हणायला हवं. मी म्हटलं, माझ्या सासऱ्यांची चाकांची खुर्ची जाणार आहे. तो बिचारा कान खाजवत म्हणाला, पण ते वाहन नाही ना धरत.

आता इथं घोडं पेंड खायला लागलं. रस्त्याच्या लेखी ती खुर्ची वाहन नव्हती, म्हणून उतार नाही. वाडीच्या लेखी ती चाक होती, म्हणून वाट नाही. इकडे आड, तिकडे विहीर! जी व्याख्या मी सासऱ्यांच्या तोंडावर फेकली होती तीच कुणीतरी माझ्या तोंडावर फेकली. मला आधी खो खो हसू आलं, तो इंजिनियर घाबरून पाणी घेऊन आला. मग स्कूटरवरून येताना सोपाऱ्याच्या नाक्यापर्यंत मी रडत आले.

घरी येऊन सांगितलं, एकच मार्ग आहे, काकीनं म्हणायचं की माझ्या जागेतून वाहन जातं, उतार द्या. मी विचारते काकीला. सासरे इतक्या जोरात 'नाही' म्हणाले की स्वयंपाकघरातून नवरा धावत आला.

"विचारलं तर ती नाही म्हणणार नाही," ते म्हणाले. "म्हणून विचारायचं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, बाबा, ज्यांना शब्द दिला ते कधीच गेले. तुम्ही जिवंत आहात. मेलेल्या माणसाचा मान राखायला जिवंत माणसानं सडायचं का? हे शब्द मी अगदी असेच उच्चारले. त्यांनी चांगल्या हातानं चाक फिरवलं आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. मला वाईट वाटलं. पण राग काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकीकडे गेले. विचारायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून विचारायला गेले नाही. रस्ता कसा होणार, गटार कसं, पायऱ्या कुठं, ते नुसतं सांगायला गेले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार, पण काय करू. काकी ओटीवर बसून गजरे बांधत होती. सगळं ऐकलं. मग दोरा दातानं तोडून म्हणाली, त्यांनी इचारायला पाठवलं का तुला?

मी म्हटलं, नाही काकी. उलट विचारायचं नाही असं सांगितलंय.

तिनं गजरा खाली ठेवला. मग जे बोलली त्यातलं निम्मं मला उद्देशून होतं, निम्मं स्वतःशी. पाण्याला विहिरीवर गेले का ते कुंपनाशी बसलेले दिसतात, म्हणाली. येवढे महिने बघतेय. आज इचारतील, उद्या इचारतील. इचारत नाहीत. इतक्या वर्षांचा घरोबा, आन् येवढं परकं केलं मला. तिच्या आवाजात राग होता, चांगला धगधगीत. आणि मग ती थांबली आणि अगदी खरं ते बोलली. म्हणाली, आन् इचारलं असतं ना पोरी, तर मी भ्यालेच असते. माझ्यामागं पोरं वाडी ठेवतील का विकतील, कोनाला ठाऊक? वाटेवर गाडी जाते असं एकदा लिहिलं गेलं का मग झालं. चाक एकदा आत शिरलं का भायेर निघत नाय.

मला तिच्यावर रागावता येईना. तिचं काय चुकत होतं? मी जाऊन आले ते घरी सांगितलं नाही.

वाटेच्या तोंडाशी काम आलं त्या दिवशी सकाळपासून फळ्या ठोकल्याचा आवाज येत होता. मी ऑफिसात कळवून घरीच राहिले. मुकादम पायऱ्यांच्या फळ्या लावून घेत होता, तो इंजिनियर नकाशा घेऊन उभा होता. दुपारी सिमेंटचा माल पडणार, एकदा माल पडला की संपलं. मी तिथं नुसती उभी होते. मालक मी नव्हते, त्या वाटेनं जाणारं वाहन माझ्याकडे नव्हतं, तोंड कुठल्या हक्कानं उघडू?

तेवढ्यात काकी आली. धुवट लुगडं, केसांत अबोली, कुठं लग्नाला निघाल्यासारखी. मुकादमाला म्हणाली, पायऱ्या नकोत, उतार ठेवा. इंजिनियरनं विचारलं, आजी, जागा तुमची का? म्हणाली, माझी. गाडी आहे तुमची? म्हणाली, हाय. कुठं आहे? थांब, आनते म्हणाली आणि वळली.

मी तिच्यामागून जवळजवळ पळत गेले. ती आपल्या वाडीतून सरळ आमच्या अंगणात. सासरे नेहमीच्या जागी, कुंपणाशी. तिनं मागं जाऊन खुर्चीच्या मुठी धरल्या आणि ढकललं. खुर्ची हलेना. ब्रेक लावलेला होता, तिला काय ठाऊक. मी वाकून ब्रेक काढला. खुर्ची हलली तसा सासऱ्यांनी चांगल्या हातानं चाक पकडलं.

"वहिनी, चाक आहे हे."

"चाक माझं हाय, भावजी," काकी म्हणाली. "तुम्ही नुसते बसलेत."

सासऱ्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग विचारलं, तुमचं कसं, तुम्हाला कुणी दिलं? काकीनं मान माझ्याकडे केली. तुमच्या सुनेनं दिली मला खुर्ची, म्हणाली. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, दिली मी काकीला. आणि त्या क्षणी दिलीच की मी, खोटं कुठं होतं? स्वतःच्या जमिनीवरून स्वतःचं चाक नेलं तर वहिवाट पडत नाही, रस्ता होत नाही, कुणाचा शब्द मोडत नाही. मी दहा कायदे उलथेपालथे केले होते, आणि मला हे सुचलं नव्हतं. तिलाही काही लगेच सुचलं नसणार. चार रात्री झोप आली नाय, असं नंतर म्हणाली.

सासऱ्यांचा हात चाकावर तसाच होता. ते कुंपणापलीकडे बघत राहिले. मग बोटं एकेक करून सुटली.

वाट काही खुर्चीसाठी केलेली नव्हती. मुळं आलेली, मधे पाण्याचा पाट. काकीला धाप लागली. मी हात लावायला गेले तर दोघंही एकदम ओरडले, हात लावू नको. मी निमूट मागं चालले.

इंजिनियरनं खुर्ची बघितली, त्यातले सासरे बघितले, माझ्याकडे बघितलं. ही गाडी? काकी म्हणाली, ही. मी चालवते. त्यानं खिशातून पेन काढून नकाशातल्या पायऱ्यांवर काट मारली आणि मुकादमाला फळ्या काढायला सांगितल्या. किती रुंद ठेवू, मुकादमानं विचारलं. काकी म्हणाली, ही गाडी मावेल येवढा. त्यावर बोटभर पन जास्त नको. तिनं खुर्ची तिथं उभी करायला लावली, दोन्ही बाजूंना फळ्या टेकवून घेतल्या, आणि हात आत घालून जागा किती उरते ते बघितलं. टेम्पो मावायचा नाय ना, असं मुकादमाला दोनदा विचारलं. मुकादम म्हणाला, आजी, यातून रिक्षासुद्धा जायची नाही. मग तिचा जीव खाली पडला. मी एवढी वर्षं रॅम्प काढतेय, पण आत बसलेल्या माणसासकट मोजून घेतलेला रॅम्प मी दुसरा बघितलेला नाही.

सिमेंट वाळलं आणि रोज ऊन उतरलं की काकी आमच्या अंगणात हजर. 'गाडी काढते' म्हणायची. सासरे सकाळीच दाढी करून बसलेले. मोरीवर पहिल्या दिवशी गेले तेव्हा तिथल्या मंडळींनी काय दंगा केला! सासऱ्यांनी बसल्या बसल्या एकाच्या केळीला हात लावला आणि म्हणाले, ही काय केळी म्हणायची? लोक टाळ्या पिटून हसले. त्या रात्री त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि मी पदरानं डोळे पुसत वाढत होते, लाजबिज न धरता.

पण काकीचं वय काय थांबलं होतं? थंडी पडली आणि तिच्या गुडघ्यानं दगा दिला. एक संध्याकाळ ती आली नाही, दुसरीही नाही. सासरे दाढी करून अंगणात बसलेले. मी म्हटलं, मी नेते. ते म्हणाले, गाडी तुझी नाही. खरंच होतं, दिलीच होती मी.

काकीला कळलं तसं तिनं मला बोलावून घेतलं. ओटीवर खाटेवर पडलेली, गुडघ्याला फडकं गुंडाळलेलं. लोक गाडीवर ड्रायवर ठेवतात का नाय, तिनं विचारलं. मी म्हटलं, ठेवतात. मग आजपास्नं तू माझी ड्रायवर, म्हणाली. पगार नाय मिळायचा.

मी अंगणात येऊन सासऱ्यांना तसं सांगितलं. त्यांनी ते नीट तपासून घेतलं, तिनं स्वतः म्हटलं का, नक्की काय म्हटलं. मग चांगल्या हातानं डावा पाय उचलून फूटरेस्टवर ठेवला. आम्ही निघालो. पाट ओलांडला, विहीर मागं पडली, काकीच्या ओटीसमोर आलो. तिथं त्यांनी हात खाली घालून ब्रेक ओढला. मला वाटलं, काही रुतलं.

ते ओटीकडे बघत होते. या माणसानं आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि आता तर मागायची गरजही नव्हती. चाक तिचं, जमीन तिची, ड्रायवरसुद्धा तिची. तरी त्यांनी घसा खाकरला.

"वहिनी," ते म्हणाले, "नेऊ का?"

काकी खाटेवर कोपरावर उठून बसली. पलीकडे मोरीवर टेम्पो आल्याचा हॉर्न वाजला.

"आज नको," ती म्हणाली. "आज हितंच बसा."

सासऱ्यांनी मान हलवली. मी खुर्ची ओटीला लावली, दुसऱ्या बाजूचाही ब्रेक ओढला आणि तिच्या स्वयंपाकघरात जाऊन दोघांसाठी चहा ठेवला.